पायथ्यापर्यंत

आधी काय आठवतं?

टाचा.

त्या पहिल्या चालण्यातलं काय आठवतं, असं पुढे कुणी विचारलं की योगिता देवीचं, डोंगराचं, जंगलाचं नाव घेत नाही. टाचा, म्हणते. सासूच्या टाचा. त्यांना भेगा पडलेल्या, भेगांत मेणबत्तीचं मेण बसवलेलं, आणि चैत्राच्या उन्हात ते मेण पाघळून चपलांना लागलेलं. सुरत सोडल्यापासून उनाईपर्यंत तिने जग पाहिलं ते त्या टाचांच्या वर हातभर, बास.

जथा काशिनाथ आप्पांचा. पुढे झेंडा, मधे माणसं, मागे गाद्या, भांडी आणि गॅसची शेगडी लादलेला छोटा टेम्पो. सुरतेतून निघायचं, बारडोली, उनाई, वांसदा, वघई करत डांगच्या जंगलातून सापुताऱ्याचा घाट चढायचा, महाराष्ट्रात शिरायचं आणि नांदुरीला, सप्तशृंगीच्या गडाच्या पायथ्याशी पोचायचं. खानदेशातली माणसं कापडाच्या लूमवर काम करायला सुरतेत आली तेव्हा भांड्याकुंड्यांबरोबर देवीही घेऊन आली. पण देवी काही गड सोडत नाही. मग दर चैत्रात माणसांनाच जावं लागतं.

योगिता मात्र सुरतेतच जन्मलेली. शाळा गुजरातीत, भांडण हिंदीत, घरी अहिराणी ऐकायची आणि मराठीत उत्तर द्यायचं. चालणं म्हणजे भाजीबाजारापर्यंत. घरी साड्यांचे गठ्ठे यायचे. एम्ब्रॉयडरीच्या मागच्या बाजूला लोंबणारे धागे कात्रीने कापून द्यायचे, त्याला तिथे धागा-कटिंग म्हणतात. दिवसभर साडीची उलटी बाजू. त्यामुळे असेल, पण कुठलीही गोष्ट उलटी करून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

सुनेला का पाठवलं?

हे निघण्याच्या आधीचं. सुरतेतल्या उधन्याच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत जेवणं चालली होती.

"आई, औंदा देवीचं देणं फेडून टाकू," गोपाल म्हणाला. गोपाल म्हणजे योगिताचा नवरा. एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मास्तर, त्यामुळे घरीही हुकूम सोडायची सवय.

"फेडू ना. मी नही म्हनी का?" धुरपदाबाईंनी भाकरी मोडली.

"दर वर्षी हेच. मी शाळेत होतो तेव्हापासून बघतोय. इथून पायी जातेस, गडाच्या पायथ्याला शिवतेस आणि बसमध्ये बसून परत येतेस. लग्नाला जाऊन मांडवाच्या दारातून माघारी फिरावं तसं. देवी काय म्हणत असेल?"

"देवी काहीच म्हनत नही. तूच म्हनस."

योगिताला हसू आलं, ते तिने ताकाच्या वाटीत लपवलं. गोपाल हसला नाही.

"गेल्या वर्षी वघईच्या पुढे चक्कर येऊन पडलीस. सलाइन लावावी लागली. आता नाही. हे शेवटचं. योगिता तुझ्याबरोबर चालेल. मी बाबांना घेऊन गाडीने नांदुरीला येतो. ट्रॉलीत बसवून तुला वर नेतो. देवीला पातळ द्यायचं, ओटी भरायची, हात जोडायचे, गाडीत बसायचं. नवस फिटला. पुढच्या चैत्रात तू घरी, पंख्याखाली." मग बायकोकडे वळून, "आणि पातळाची पिशवी तू धरायची. आईकडे द्यायची नाही. नाहीतर ही विसरेल कुठेतरी."

धुरपदाबाईंचा हात ताटातच थांबला.

इथे निंबांबद्दल सांगायला हवं. निंबा म्हणजे धुरपदाबाईंचा नवरा. उभा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, गेला, कान त्या खडखडाटात गेले. लूम चालू असताना कोण कुणाचं ऐकणार? तिथे माणसं आवाज न काढता बोलतात; ओठ हलवायचे, समोरच्याने ते वाचायचे. धुरपदाबाई त्याच खात्यात सुताच्या कांड्या भरायच्या. दोघांची ती सवय घरीही राहिली. या घरात येऊन दहाएक वर्षं झाली तेव्हा योगितालाही ते बरंचसं वाचता यायला लागलं होतं. गोपालला कधी जमलं नाही. तो बापाशी ओरडून बोलायचा.

तर निंबांचे ओठ हलले: आते काय करशी?

धुरपदाबाईंचे ओठ हलले: देखू.

योगिताने ते पाहिलं. आता काय करशील, म्हणजे काय? जायचं, फेडायचं, यायचं. यात करायचं काय असतं? तो प्रश्न तिच्या डोक्यात कुसळासारखा रुतला आणि तिथेच राहिला.

कशाचा नवस?

हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फक्त प्रत्येकाला वेगळं.

गोपालच्या मते त्याच्या लहानपणच्या तापाचा. निंबांच्या मते, एकदा लूम बंद पडल्या होत्या त्या पुन्हा सुरू व्हाव्यात म्हणून. शेजारच्या इंदुबाई धुरपदाबाईंबरोबर वर्षानुवर्षं चाललेल्या, त्या म्हणाल्या, "अगं, गोपालचं लग्न जमेना म्हणून. तू आलीस ती नवसानेच."

"पण काकू, मी यायच्या आधीपासून त्या चालताहेत."

"मग देवीने सावकाश शोधली तुला."

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: बोललेलं पातळ अकरा वारी. गडावरची देवी उंच, अठरा हातांची. आपल्या साडीत ती मावत नाही. ते पातळ धुरपदाबाईंनी तेव्हाच घेऊन ठेवलं होतं. पत्र्याच्या पेटीतून दर चैत्रात निघायचं, पिशवीत बसून पायथ्यापर्यंत जायचं आणि पिशवीत बसून परत यायचं. दुसरं घेऊन चालणार नव्हतं. नवस त्याच पातळावर हात ठेवून बोललेला.

योगिताने चालता चालता थेट सासूलाच विचारलं. कडोदऱ्याच्या अलीकडे, ट्रकांची धूळ तोंडावर घेत.

"आई, नवस कशाचा होता?"

"ध्यान नही माले."

"असं कसं? ज्याच्यासाठी एवढं चालायचं..."

"इतलं इचारस, मागला जलममा वकील व्हती का तू? चाल वं. पदर घे तोंडवर."

अडचण नेमकी तिथेच कशी यायची?

बारडोलीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास नाकातून हटेना. दुपारच्या विसाव्याला जथा कडुनिंबाखाली पसरला. धुरपदाबाई तोंडावर पदर घेऊन आडव्या झाल्या होत्या. इंदुबाई लसूण सोलत होत्या, आणि लसूण सोलताना त्यांची जीभ सुटते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"पहिल्या वर्षी ना," त्या हळूच म्हणाल्या, "नांदुरीत पाय ठेवला आणि तुझ्या सासूला अडचण आली. आता अडचण आल्यावर गडावर कसं जाणार? बसली खाली. म्हटलं, होतं बाई. दुसऱ्या वर्षी पुन्हा. नांदुरीतच. तिसऱ्या वर्षी पुन्हा."

"दर वर्षी? चैत्राची तिथी तर मागेपुढे होते."

"तीही मागेपुढे होत असेल."

"घरी कुणी काही म्हणालं नाही?"

"पुरुष माणूस काय विचारणार? 'अडचण आली' म्हटलं की ते लगेच पंख्याकडे बघायला लागतात."

योगिताने पाकळी उचलली, सोलायची विसरली. "आणि पाळी गेल्यावर?"

"मग सुतक. नांदुरीला पोचलं की फोन यायचा. पारोळ्याचा कुणी चुलत दीर, धरणगावचा कुणी. एवढे मेले की मला वाटायला लागलं, हिच्या भाऊबंदांत कुणी उरलंय की नाही. मग एका वर्षी वानराने ओटीचा नारळ पळवला, अपशकुन झाला. मग गुडघा."

"गुडघा खरा?"

"इथपर्यंत खरा नाही. नांदुरीत खरा होतो."

कडुनिंबाखाली आडव्या झालेल्या पदराआडून आवाज आला, "इंदे, लसून सोल. मान्सं नको सोलू."

फोड कसा फोडतात?

फोडत नाहीत. सुईत दोरा ओवून ती फोडातून आरपार काढायची आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापायची. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, वरची कातडी शाबूत राहते. योगिताच्या दोन्ही तळव्यांना असे दोरे लोंबत होते. गुलाबी, कारण पर्समध्ये तोच होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांचे धागे कापणाऱ्या बाईच्या पायांना धागे. कापायला मनाई.

रस्ता सोडला की काय होतं?

वांसद्याच्या पुढे डांबरी रस्ता वळणं घेत जातो, आणि काशिनाथ आप्पांच्या ओळखीची एक पायवाट जंगलातून सरळ वघईकडे निघते. टेम्पो रस्त्याने गेला, माणसं झाडांत शिरली.

पहिल्यांदा योगिताच्या लक्षात आलं की आवाज बंद झाला. उधन्यात आवाज कधीच बंद होत नाही. लूमचा खटका भिंतीतून येतो, जमिनीतून येतो, झोपेत उशीतून येतो. इथे तो नव्हता. आणि त्याच्या जागी जे होतं त्याला काय म्हणायचं हे तिला कळेना. बांबू एकमेकांवर घासत होते. वाळलेल्या पानांवर काहीतरी टप टप पडत होतं, आणि पाऊस तर नव्हता.

"मोहाची फुलं," धुरपदाबाई म्हणाल्या. वाकून एक उचललं, फुंकर मारली, तोंडात टाकलं. "खा."

फूल मऊ, ओलसर, गोड, आणि त्या गोडीच्या मागे काहीतरी असं की दुसरं खावंसं वाटावं आणि वाटू नये.

"दोनच," सासू म्हणाली. "मंग डोकं फिरस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"एक साल चार खायनू," धुरपदाबाई म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

योगिता बघत राहिली. घरी ही बाई कशी होती? घरी ती भिंतीला टेकून बसायची. कुणी विचारलं तर बोलायची. पाहुणे आले की आत जायची. चहा कसा हवा म्हटलं तर म्हणायची, कसाही. आणि इथे ती सगळ्यांच्या पुढे होती. पायवाट फुटली की थांबून दोन्हीकडे बघायची, नाक वर करून वास घ्यायची. डोक्यावर मोळी घेतलेली एक डांगी बाई भेटली. दोघींची भाषा एकमेकींना अर्धी कळत होती, तरी धुरपदाबाईंनी तिला सोडलं नाही. या झाडाला काय म्हणतात? शेंगा खातात? ही माती लाल कशाने? पलीकडे वस्ती आहे? विहिरीला पाणी आहे? त्या बाईने मोळी खाली ठेवली आणि सगळ्याची उत्तरं दिली. उठताना तिने योगिताला विचारलं, "तुनी सासू काय सरकारी शे का?"

योगिताच्या मनात आलं: वकील मी नाही. वकील ही आहे.

मग दोघी मिळून विचारायला लागल्या. एका दगडावर कुणी शेंदूर लावला, झाडाच्या खोडाला चिंध्या का बांधल्या, ओढ्यात पाणी नाही तर वाळूत खड्डे कुणी खणले. एकीला सुचलं नाही की दुसरीला सुचायचं. पुढे गेलेला जथा थांबून हाका मारायचा आणि इंदुबाई म्हणायच्या, "चाला गं बायांनो, जंगल काही विकत घ्यायचं नाही आपल्याला."

जे आठवत नाही

वघईत काय जेवलो. सापुताऱ्याच्या घाटात कितीदा बसलो. कुठल्या वळणावर पायांचं दुखणं थांबलं. थांबलं एवढं खरं. गोपालचे फोन आले होते, रोज, आईची गोळी घेतली का विचारायला. त्यांना आपण काय उत्तर दिलं.

पिशवीत काय आहे?

हातगडला शाळेच्या ओसरीवर दुपारचा मुक्काम होता. उद्या नांदुरी. योगिताने सासूच्या देखत पिशवीची गाठ सोडली.

"काय करी राहिनी?"

"बघते. एवढ्या लांब पाठीवर आणलंय, बघू तरी."

पातळ निघालं. हिरवं, लाल काठाचं. इतकी वर्षं पेटीत आणि पिशवीत घालवून त्याचा रंग तसूभर उतरला नव्हता, घडीवर चीर नव्हती. योगिताने सवयीने त्याची उलटी बाजू पाहिली, अंगठ्याने चोळलं.

"पॉलिस्टर," ती म्हणाली.

"मंग? सुरतनं शे." धुरपदाबाई थोड्या ताठ बसल्या. "रेशीम राहतं तर आतापर्यंत कवाच फाटतं."

"आई, तुम्हाला फेडायचाच नाहीये ना?"

ओसरीच्या पलीकडे आप्पा टेम्पोवाल्याशी घालत असलेला वाद ऐकू येत होता. धुरपदाबाई पातळाच्या काठावर बोट फिरवत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं. सलग नाही, थोडं सांगायचं, थांबायचं, पायाचा अंगठा दाबायचा.

नवस गोपालच्या तापाचाच होता. ताप उतरला, त्या चैत्रात त्या निघाल्या. तोवर त्यांनी बघितलेलं जग म्हणजे माहेर, सासर आणि उधना. लूमच्या खात्यातून खोली, खोलीतून खातं. आणि अचानक हे सगळं. झाडं, घाट, ओढे, रोज नवं गाव, रोज दुसऱ्याच्या हातची भाजी. नांदुरीला पोचल्या, वर गड दिसला, आणि मनात आलं: एवढं चढलं की संपलं.

"घरमा कोन म्हनस, 'चाल धुरपदा, फिरी येऊ'? नवस शे म्हनीसन धाडतस. देवीनं नाव शे म्हनीसन कोनी अडावत नही." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "नवस फिटी गया, मंग माले कोन धाडी वं?"

योगिताला उधन्याची ती भिंत दिसली, टेकून बसायची. पंखाही दिसला.

"आणि देवी रागावली तर?"

"दर साल तिले सांगस मी. खालथून. म्हनस, माय, तुनं पातळ मनापान शे, कोठे जात नही. ती काही बोलनी नही आजलोंग."

"मग नुसतं दर्शन तरी घ्यायचं होतं. पातळ पुढल्या वर्षी, असं सांगून."

"हातमा पातळ धरीसन तिना समोर उभी राहू, आनि परत लई येऊ? इतलं तोंड नही मनं."

"पण तुम्हाला बघावंसं वाटत नाही?" हा प्रश्न योगिताच्या तोंडून जवळजवळ ओरडूनच आला. ती स्वतः बंद डबा दिसला तरी उघडून बघायची. आणि ही बाई, जी जंगलातल्या प्रत्येक झाडाचं नाव विचारते, ती इतकी वर्षं दारापर्यंत येऊन आत न बघता परत जाते?

धुरपदाबाईंनी हाताने फूटभर माप दाखवलं. "आपला घरना फोटू इतलुसा शे. त्यामा अठरा हात. मोजाले गई का गचपच व्हई जातस. प्रत्येक हातमा काय शे, कोन जाने. येती-जाती बायासले इचारस मी. कोनी नीट सांगत नही. हात जोडतस, डोया मिटी लेतस. येड्या! तठलोंग जाईसन डोया कसाले मिटनात?"

आणि मग, अगदी हळू, "आते गोपालच दखाडी माले देवी. बरंच शे." पण चेहरा बरंच असल्यासारखा नव्हता. त्यांनी पातळाची घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवी सुनेच्या मांडीवर ठेवली आणि ओसरीवरून उठून हातपंपावर पाय धुवायला गेल्या.

नांदुरी

गोपाल फाट्यावरच उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, शेजारी निंबा. आईचे काळवंडलेले पाय पाहून त्याने आधी खाली वाकून ते हातात घेतले, मग रागावला. "चपला बदलल्या नाहीत? योगिता, तुला सांगितलं होतं."

यात्रेत खासगी गाड्या वर सोडत नाहीत, हे त्याला तिथे आल्यावर कळलं होतं. त्यामुळे तो आधीच चिडलेला. एसटीत चौघं कोंबून बसले. घाटात बस वळली की सगळी माणसं एकमेकांवर कलंडत. धुरपदाबाई खिडकीशी होत्या. या रस्त्याने त्या कधीच वर आल्या नव्हत्या. मान वळवून वळवून बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं की वारा, ते योगिताला ठरवता आलं नाही.

वर गडाच्या गावात रुळांवरून चढणाऱ्या ट्रॉलीची रांग. ट्रॉली थेट मंदिराच्या अंगाला नेऊन सोडते; पायी जाणाऱ्यांसाठी शेजारून पायऱ्या. कर्णे वाजत होते, डफ वाजत होते, गुलालाने हवा लाल झाली होती. अशा गोंगाटात शेजारी उभ्या माणसाला ओरडूनही काही ऐकू जाईना.

योगिताने सासूकडे पाहिलं. आवाज न काढता ओठ हलवले: बघायचंय ना तुम्हाला?

हां.

आणि पुढल्या वर्षी चालायचंय?

धुरपदाबाईंनी पिशवीकडे पाहिलं.

मी पायऱ्यांनी येते, योगिताचे ओठ म्हणाले. पिशवी घेऊन. हळू. खूप हळू.

सासूच्या कपाळाला आठी पडली आणि मग सावकाश सुटली. योगिताने मान वळवली आणि दचकली. सुनेच्या नि बायकोच्या मधोमध निंबा उभे होते, दोघींच्या तोंडांकडे बघत. लूमच्या खात्यात जन्म काढलेला माणूस. त्याच्यापासून काय लपणार? ते वळले आणि पत्र्यावर बसलेल्या वानरांकडे फार लक्ष देऊन बघू लागले.

"मी पायऱ्यांनी येते," योगिता गोपालच्या कानाशी ओरडली. "नांदुरीपर्यंत पायी आले, शेवटचंही पायीच!"

"बरं! पिशवी दे इकडे!"

"तुम्हीच म्हणालात ना, मीच धरायची!"

"ते आईकडे द्यायची नाही म्हणून! दे!" त्याने हात पुढे केला. तेवढ्यात रांग सरकली, फाटक उघडलं, आणि निंबांनी मुलाचा पुढे केलेला हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"माले धर रे गोपाल! गर्दी शे! पडसू मी!"

मागच्या लोकांनी ढकललं. तिघं ट्रॉलीत गेले. पिशवी बाहेर राहिली.

पायऱ्यांवर काय करतात?

लोक चढतात. बायका प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत होत्या, कुणी कापूर जाळत होतं, एक म्हातारा प्रत्येक पायरीला "आई" म्हणत होता. योगिता थोडं चढली आणि कठड्याला टेकून बसली. पिशवी मांडीवर.

आपण काय करतोय ते तिला नीट ठाऊक होतं. तिला जे ठाऊक नव्हतं ते हे, की बसून राहणं इतकं अवघड जाईल.

वर घंटा वाजत होती. एवढं चालून आल्यावर आता फक्त एवढ्या पायऱ्या. पिशवी इथेच कुणाजवळ ठेवून, पटकन वर जाऊन, एक नजर टाकून आलं तर? अठरा हातांत काय काय आहे? शेंदूर केवढा जाड आहे? ती कड्यात कोरली म्हणजे मागे खडक दिसतो का? योगिता उठली. पण ती वर दिसली असती तर गोपालने पिशवी घेतली असती, आणि पिशवी कुणाकडे ठेवली असं विचारलं असतं तर तिला खोटं बोलता आलं नसतं. तिला फक्त उशीर करता येत होता. ती बसली. पुन्हा उठली. दोन पायऱ्या चढली. एका बाईने तिच्या कपाळाला कुंकू लावलं आणि विचारलं, "का गं, दमलीस?"

"नाही," योगिता म्हणाली आणि दोन पायऱ्या उतरली.

फोन वाजला.

"कुठे आहेस? नंबर येतोय आमचा!"

"येतेय. पायात गोळा आलाय."

"लवकर! इथे थांबू देत नाहीत!"

दुसऱ्यांदा वाजला तेव्हा फोनमधून घंटा इतकी जवळ ऐकू आली की तिने तो कानाला दाबून धरला. गोपाल काहीतरी ओरडत होता. त्याच्या मागे गलका होता. त्या गलक्यात तिने सासूचा आवाज शोधला, सापडला नाही. ती हात जोडून उभी असेल. डोळे उघडे ठेवून.

मग बऱ्याच वेळाने ते तिघं पायऱ्यांनी उतरत आले. धुरपदाबाई पुढे. त्यांच्या हातात काही नव्हतं आणि तो हात कुठे ठेवावा हे त्यांना कळत नसल्यासारखा ओटीपाशी धरलेला.

"हे काय?" गोपाल फुटलाच. "आम्ही समोर उभे, पुजारी म्हणतो ओटी आणा, आणि ओटी कुठे? पायऱ्यांवर बसलीय! पोलिसाने खांद्याला धरून पुढे काढलं मला! चल, पुन्हा रांग लावू."

"मी नही येत," म्हणून निंबा पायरीवरच बसले. "मना पाय गयात."

गोपालने खाली पाहिलं. रांग आता बाजाराच्याही पलीकडे वळली होती. त्याने आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, घाम पुसला. "आणि ते सुरतेत परत न्यायचं? पुन्हा?"

निंबा पाय चोळत राहिले.

"पुढल्या वर्षी पिशवी मी धरणार," तो शेवटी म्हणाला. "मी स्वतः. चालत येईन तुमच्याबरोबर, मग बघू कशी राहते."

"चालशी तू?" धुरपदाबाईंनी विचारलं. खरोखरच्या कुतूहलाने.

तो बापाला उठवायला वाकला. योगिता सासूच्या जवळ सरकली.

"कशी आहे?"

धुरपदाबाईंनी तोंड उघडलं. डोळे अजून कुठेतरी वर होते. त्या सांगणार होत्या, सगळं. ते त्यांच्या ओठांवर आलेलं योगिताला दिसलं. आणि मग त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, त्या तोंडावरची भूक पाहिली, आणि ओठ मिटले.

"आई! निदान हातांत काय आहे ते तरी?"

"नही."

"डोळे? डोळे कसे आहेत?"

"मी सांगू तर तू कसाले येशी?" धुरपदाबाई म्हणाल्या आणि पिशवी तिच्याकडून काढून आपल्या खांद्याला लावली. "पुढला साल देखजो."